मागच्या पंख्याची कुरकुर

मंगळवार, १८ नोव्हेंबर. पहाटे गार. दूध वेळेवर. मीटर ४१८२६. न्हाणीघरातला नळ गळतोच आहे. प्लंबरला फोन केला, उचलला नाही. संगणक दुपारी ४.१२ला बंद पडला. ४.२६ला पुन्हा. ४.४१ला पुन्हा. तिन्ही वेळा गाडी झाडीतून उघड्या माळावर आली त्या क्षणी. दुकानात फोन केला. ‘तुम्ही काहीतरी दाबलं असेल,’ म्हणाले. मी काहीही दाबलेले नाही.

शेवटच्या वाक्याखाली नोंदबाईंनी रेघ मारली. पट्टी लावून मारली. अंगाचा तिळपापड झाला म्हणून रेघ वाकडी जावी, हे त्यांना मान्य नव्हते.

नोंदबाई हे नाव त्यांना कचेरीने दिले. नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षे त्यांचे काम एकच: मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईने जशीच्या तशी वर उतरवायची. एखादा नाला जरासा सरकला, तर कुणाचे तरी शेत शेजाऱ्याच्या नावावर जाते. त्यामुळे त्यांच्या टेबलावरून नंबर टिपल्याशिवाय एक कागद आत यायचा नाही की बाहेर जायचा नाही. साहेबांनी चेष्टेने नाव ठेवले, यजमानांनी ते घरी आणले, आणि यजमान गेल्यावरही ते गल्लीत राहिले. घरात दोन वह्या होत्या. एक रोजची, आणि एक वस्तूंची. इस्त्रीपासून फ्रिजपर्यंत जे जे घरात आले त्याची तारीख आणि अंगावरचा नंबर दुसऱ्या वहीत होता.

मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हा आपला खेळायचा संगणक मागे ठेवून गेला. त्यात मोटारींच्या रॅलीचा खेळ होता. नोंदबाईंनी तो पहिल्यांदा उघडला तो नुसता नकाशा बघायला, आणि पंधरा मिनिटांत त्यात तीन चुका काढल्या. या खेळात एका गाडीत दोघे बसतात, दोघे आपापल्या घरून. एक गाडी हाकतो. दुसरा पुढचा रस्ता वाचून दाखवतो: वळण किती आवळ आहे, चढ कुठे, खड्डा कोणत्या बाजूला. हाकणाऱ्याला वळण दिसायच्या आत ते त्याच्या कानात पोचले पाहिजे. हे काम आपल्यासाठीच कुणीतरी काढले आहे, असे नोंदबाईंना वाटले.

दीड वर्षापासून त्यांची जोडी घोरपडीशी होती. घोरपड म्हणजे तिशीतली एक बाई. पावाच्या भट्टीवर पहाटेपासून दुपारपर्यंत राबायची आणि मग गाडीत बसायची. रस्ता धरला की सोडत नाही, म्हणून हे नाव तिने स्वतःच घेतलेले. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण रोज चारला एकमेकींच्या कानात असायच्या. “डावा तीन, पुढे शंभर, उजवीकडे खड्डा,” नोंदबाई सांगायच्या, दळण किती बारीक हवे ते सांगावे तशा आवाजात.

यंदा खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाने हात टेकले. चित्र अडखळू लागले. वळण कळायच्या आत गाडी झाडावर. नोंदबाईंनी महिनाभर वाचून नवे कार्ड ठरवले. ते चांगले विटेएवढे होते. त्याच्या खोक्यावरचा बारीक मजकूर त्यांनी भिंगातून वाचला आणि यादी केली: मेमरी दुप्पट करणे, कार्डाची लांबी मावावी म्हणून आतला हार्ड डिस्कचा जुना पिंजरा काढणे, आणि एसएमपीएस नवा, साडेआठशे वॅटचा. एसएमपीएस म्हणजे पेटीच्या मागच्या कोपऱ्यातला डबा. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाढणारा तो वाढपी. खाणारा पैलवान आला आणि वाढपी जुनाच राहिला, तर पंगत मोडणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

काम दिले बाजारातल्या दुकानात. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो यंत्राला कान लावून बघायचा. पावतीवर यादीतले सगळे उतरले. शुक्रवारी संगणक घरी आला आणि शनिवारी स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत, ऐन माळावर, जिथे लांबवरचे सगळे चित्र एकदम काढताना कार्डाची वीज वाढते, फट्कन बंद पडला.

नियम असा होता की स्पर्धेत एखादी जोडी दोनदा तुटली की बाद. एकदा तुटून झाले होते. पुढची फेरी येत्या शनिवारी. आणि आता सरावातही तीनदा.

बुधवारी त्यांनी डॉक्टरला पुन्हा फोन केला.

“रोज किती वेळ चालवता हो आजी मशीन?”

“दोन तास.”

“मग तापत असेल. जरा आराम द्या त्याला. तुम्हीही घ्या.”

“बंद पडायच्या वेळा मी लिहून ठेवल्यात. वाचून दाखवू?”

“वेळा कशाला आजी, पंचांग काढायचंय का? घरची वीज तपासून घ्या. आणि पेटी उघडू नका हं, सील तुटलं की वॉरंटी गेली.”

मुलाला सांगितले, तर तोही त्याच माळेचा मणी निघाला. “आई, वायरिंग जुनं आहे आपलं. आणि खरं सांगू का, तुला जुन्या खेळात काय कमी होतं?”

“तुला जुन्या नोकरीत काय कमी होतं?” नोंदबाईंनी विचारले आणि फोन ठेवला.

घोरपडीचा फोन मात्र त्यांच्या मनाला लागला. ती आधी भट्टीबद्दल बोलली, मग हवेबद्दल बोलली, मग गप्प झाली.

“बोल की,” नोंदबाई म्हणाल्या.

“काकू, शुक्रवारी सहापर्यंत नावं द्यायची आहेत. एक जण विचारतोय मला. वाचतो बरा.”

“वळणं वाचतो की जाहिरात वाचतो?”

“थोडा ओरडतो. पण त्याचं मशीन बंद पडत नाही हो. तीन वर्षं मी अंतिम फेरीपर्यंत पोचायला बघतेय. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

नोंदबाईंना घोरपडीचा राग आला असता तर बरे झाले असते, पण तिचे चूक नव्हते. तपासल्याशिवाय कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवले होते. राग होता तो दुसरीकडे. चूक एकाची, आणि जागा सोडून उठायचे दुसऱ्याने.

गुरुवारी सकाळी त्यांनी संगणक सुरू केला. खेळ लावला नाही. नुसत्या हात मांडीवर ठेवून समोर बसल्या. मागून कुरकुर येत होती. पाच-सात मिनिटांनी ती थांबली. नोंदबाई उठल्या, कपाटातून गेल्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या आणि पाने उलटू लागल्या. १४ जानेवारीच्या पानावर सापडले: ‘संगणकाचा मागचा पंखा सकाळच्या गारव्यात कुरकुरतो. तापला की थांबतो.’

मागचा पंखा एसएमपीएसच्या डब्यातच असतो. डबा नवा आहे, तर कुरकुर जुनी कशी?

त्यांनी वस्तूंची वही काढली. सहा वर्षांपूर्वी मुलाने संगणक जोडून आणला, तेव्हा एकेका भागाचा नंबर त्याच्याकडून वाचून घेतला होता. तो तेव्हा कंटाळून म्हणाला होता, “आई, हे काय कधी लागणार आहे का?”

दहा वाजता बाजारहाटाच्या चाकांच्या पिशवीत पेटी घालून, वर शाल गुंडाळून, नोंदबाई दुकानात पोचल्या. डॉक्टर एका उघड्या लॅपटॉपवर वाकला होता. गल्ल्याजवळ त्याची बायको पावत्या लिहीत होती. दोन गिऱ्हाईके बाकावर.

“अहो आजी, नातवाला नाही का आणायचं सोबत? जड आहे ते.”

“मला नातू नाही.”

डॉक्टरने लॅपटॉपवरून मान वर केली. “मग मशीन कुणाचं?”

“माझं. उघडा.”

“उघडून काय दिसणार? आत सगळं नवं आहे.”

“मग उघडायला हरकत काय?”

बाकावरचे एक गिऱ्हाईक खाकरले. डॉक्टरने पेचकस घेतला आणि झाकण काढले. नोंदबाईंनी चष्मा पुसला आणि वही गल्ल्यावर उघडून ठेवली, अशी की त्याच्या बायकोलाही दिसावी.

“हा माझ्या जुन्या डब्याचा नंबर. शेवटचे अंक सात, शून्य, नऊ, तीन. आता तुम्ही आतल्या डब्यावरचा वाचा.”

डॉक्टर वाकला. वाकलेलाच राहिला.

“वाचा ना,” बायको म्हणाली. “चष्मा देऊ का?”

“सात,” तो पुटपुटला.

“मोठ्याने,” नोंदबाई म्हणाल्या. “मला ऐकू येतं, पण बाकावरच्यांना येत नसेल.”

“सात शून्य नऊ तीन.”



“त्याचं काय झालं आजी,” डॉक्टर सरळ होत म्हणाला, “नवा बसवला होता मी. शपथ. पण त्या दिवशी एक व्हिडिओचं काम करणारा आला, त्याचा डबा जळलेला, त्याला दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. शिल्लक एकही नव्हता. मग तुमचा काढून त्याला दिला, आणि तुमचा जुना परत लावला. म्हटलं, यांचं काय, पत्त्यांचे डाव लावत असतील, फोटो बघत असतील. तेवढ्याला जुना पुरून उरतो. माल आला की बदलणारच होतो.”

“पत्त्यांना विटेएवढं कार्ड लागतं?”

“मला वाटलं...” तो अडखळला. “मला वाटलं, ते कार्ड तुमच्या गळ्यात कुणीतरी मारलंय. तुम्हाला फसवलंय.”

“फसवलं हे खरंच आहे,” त्याची बायको म्हणाली.

नोंदबाईंना वाटले होते, लबाडी निघेल. लबाडीला निदान चार शिव्या तरी देता येतात. हा माणूस तर मनापासून त्यांची कीव करत होता. त्यांनी लेखी मागितलेली वस्तू त्याने काढून घेतली होती, कारण ती त्यांना कशाला हवी असेल हे त्याच्या डोक्यातच शिरले नव्हते. आणि विचारावे, एवढे तोंडही त्याने उघडले नव्हते.

“तीन दिवस,” त्या म्हणाल्या, “मी काहीतरी दाबलं. घरची वीज वाईट. मी आराम करावा. एकदा तरी पेटीत डोकावून बघितलंत? तुम्हाला ठाऊक होतं आत काय आहे.”

“विसरलो हो. खरंच डोक्यातून गेलं. फरकाचे पैसे आत्ता देतो.”

“पैसे नकोत. डबा हवा. आज.”

“सोमवारी येईल माल.”

“त्या मशीनमधला डबा कोणता?” नोंदबाईंनी दर्शनी काचेकडे बोट केले. तिथे रंगीबेरंगी दिव्यांचे एक मशीन दिवसभर लखलखत असायचे.

“तो शोचा आहे आजी. तो काढला तर काच काळी पडेल.”

“पडू दे काळी,” बायको पावती फाडत म्हणाली. “माझ्या आईने फोन मागितला तेव्हाही तुम्ही तिला मोठ्या बटणांचं डबडं आणून दिलंत. आठवतंय? काढा.”

डॉक्टरने काढला. नोंदबाई तासभर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली ती घेतली नाही. कार्डाकडे जाणाऱ्या दोन्ही तारा वेगवेगळ्या आल्या आहेत हे बघितले, नव्या डब्याचा नंबर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि वहीत उतरवला. मग एक कोरा कागद पुढे केला.

“हे काय?”

“लिहा. ग्राहकाने काहीही दाबलेले नाही. खाली सही आणि तारीख.”

त्याने बायकोकडे बघितले. तिने पेन पुढे केले.

शुक्रवारी पाच वाजता घोरपड ऑनलाइन आली. “काकू, सहाला बंद होतं. तोही थांबलाय उत्तरासाठी.”

“माळावर घे,” नोंदबाई म्हणाल्या. “मग बोलू.”

तीनदा माळ ओलांडला. झाडी संपायची, उजेड अंगावर यायचा, पेटीतला नवा पंखा हलकेच सूर वाढवायचा आणि गाडी पलीकडे. “उजवा दोन, कडा, दोनशे सरळ.” तिसऱ्या खेपेला घोरपड हसली. सहाला आठ मिनिटे असताना तिने नाव लिहिले. तिने क्षमा मागितली नाही आणि नोंदबाईंनी अपेक्षाही केली नाही.

शनिवारी चाळीस जोड्यांत त्या चौदाव्या आल्या. पहिल्या पंधरा पुढे जाणार होत्या. खेळ संपून दहा मिनिटे झाली असतील, तोच डॉक्टरचा फोन आला.

“आता बरं चाललंय ना आजी?”

“चाललंय.”

“एक विचारू? रागावू नका. तुम्ही खेळता तरी काय?”

नोंदबाईंनी खेळताना घातलेला हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर नीट ठेवली.

“पत्ते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी वही ओढली. सहीचा कागद मंगळवारच्या पानावर आधीच डकवलेला होता. आजच्या पानावर त्यांनी लिहिले:

शनिवार, २२ नोव्हेंबर. मीटर ४१८४७. प्लंबर आला नाही. नळाखाली बादली ठेवली. संध्याकाळपर्यंत अर्धी भरली.