सिंगापूरनंतरचे साडेपाच तास

मुलगा ऑकलंडला नोकरीला गेला तेव्हा आमच्या ह्यांनी पहिलं काम केलं ते मोबाईलवर अंतर बघायचं. बारा हजार किलोमीटरच्या वर. सिंगापूरला विमान बदलायचं, मधला थांबा धरून अठरा-एकोणीस तास. मग जो घरी येईल त्याला सांगत बसायचे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आमच्या डोंगरी गावातल्या आत्याकडे जायचं तरी अर्धा दिवस बसची वाट बघण्यात जातो. मला राग यायचा. आत्याकडे जाताना बस चुकली तर रिक्षा मिळते, मी म्हणायचे. त्यावर नुसते हसायचे. मात्र तिकडे आता किती वाजले असतील, हे दिवसातून दहादा मलाच विचारायचे.

मागच्या वर्षी ह्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. तो मिळेल त्या विमानाने निघाला. निघण्याआधी फोनवर ह्यांच्याशी बोलला. हे एवढंच म्हणाले, सावकाश ये. त्याच संध्याकाळी, तो समुद्रावर कुठेतरी असताना, हे गेले.

तो पोचेपर्यंत ह्यांना हॉस्पिटलच्या शवागारातच ठेवायचं ठरलं. माझे दीर म्हणाले, मेसेज टाकून ठेवू, सिंगापूरला उतरल्यावर वाचेल. मी नको म्हटलं. परक्या विमानतळावर ओळखीचं कुणी नाही, आणि पुढे साडेपाच तास अनोळखी माणसांत पट्टा बांधून बसायचं. घरी येऊ दे, मीच सांगेन. कुणी एक शब्द कळवायचा नाही, अशी तंबीच दिली सगळ्यांना.

पहाटे त्याचा मेसेज आला, "उतरलो. बाबा कसे आहेत?"

मी लिहिलं, "झोपलेत."

लगेच दुसरा. "तू रात्री जेवलीस का?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न. एकटी असले की मी चहा-बिस्किटांवर भागवते, म्हणून ओरडत असतो. सवयीने लिहून गेले, "हो, समोरच्या ताईंनी पिठलं-भात आणून दिला."

पाठवलं आणि मग लक्षात आलं. आमच्याकडे माणूस गेलं की घरात गॅस पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. खोटं बोलायलाही अक्कल लागते, ती मला नाही. मेसेज पुसायला गेले तर त्याने वाचलेला होता. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "बरं. विमानात बसतोय."

त्याला कळलं की नाही, सकाळभर दुसरा विचार नव्हता. दमलाय, लक्ष नसेल गेलं. पिठलं काय, कुणी सहजही देतं. अशी मनाची समजूत घालत होते, पण मन कुठलं ऐकतंय.

दुपारी काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमधून त्याची टॅक्सी एकदाची बिल्डिंगखाली आली. मी तोंड उघडायच्या आत त्याने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाबांना कधी आणायचंय?"

"तुला कळलं होतं?"

"सिंगापूरलाच."

"मग विचारलं का नाहीस रे?"

"विचारलं असतं तर तुला फोनवर सांगावं लागलं असतं, आई. तुला ते घरी सांगायचं होतं ना."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचे डोळे कोरडे होते. ते साडेपाच तास त्याने कसे काढले, हे विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.