विल्फच्या गायींची वाट

आमच्या सॉमरसेटमधल्या गावात अणुबॉम्बविरोधी चळवळीसाठी गाण्यांचा पहिला उत्सव भरला, तो शनिवारी, १० जुलै १९८२ रोजी. गवळी विल्फ पॅडफील्डचा मात्र जीव टांगणीला लागला होता. धारेची वेळ साडेचारची. गायी उतारावर, गोठा खाली आणि मधल्या कुरणात चार हजार माणसं. ढोल ऐकून साठ गायी जागच्या हलेनात.

मी चहाच्या तंबूत होते. तो धावत आला.

"बाई, घाबरून पान्हा चोरतील हो! कासा सुजल्या म्हणजे?"

"मला काय सांगतोस? गाणाऱ्यांना सांग!"

टोपी हातात घेऊन तो थेट मंचावर चढला. "पोरांनो, जरा गप्प बसता का? माझ्या लेकी बुजल्यात."

हशा पिकला आणि मग सगळे चिडीचूप झाले. विल्फने लांब हाक घातली. लोकांनी वाट दिली, आणि गायी एकामागून एक गोठ्यात गेल्या. एकीनेही पान्हा चोरला नाही.

"बॉम्ब टाकणारे विचारतील का हो धारेची वेळ?" बादल्या धुताना त्याने मला विचारलं, आणि चळवळीच्या अर्जावर सही केली.

पुढे दरवर्षी साडेचारला गाणं थांबे आणि विल्फ मंचावरूनच हाक घाली.