पिवळा होईपर्यंत थांबलेला मका

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी तज्ज्ञ म्हणत नाही. मला म्हणाले. कारण मी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा, जिथं जनावरं मक्यावर जगतात, आणि इथं आंधळगावच्या बाजूला नजर जाईल तिथं धान. चाऱ्याचा मका कापताना मी पाहिला होता, एवढंच माझं शिक्षण. तेवढ्यावर इथल्या एका गाईवाल्या शेतकऱ्यानं, म्हणजे काकांनी, मला गोठ्यावर कामाला ठेवलं, काकूंनी पहिल्याच रात्री ताटात मासळी वाढली, आणि मी मनाशी ठरवलं की या घरातून आपल्याला कुणी जा म्हणू नये. गावी परत जाऊन करायला काही नव्हतंच.

बियाणं तुमसरच्या दुकानदारानं दिलं. हवामान बदललंय, म्हणून शास्त्रज्ञांनी खास ही जात काढली, बाकीचा मका उन्हात करपतो, हा शेवटपर्यंत हिरवा राहतो, असं त्यानं समजावलं. पाकिटावर एक माणूस मक्यात उभा होता. त्याची नुसती टोपी दिसत होती. गाई उंची खातात असं काकांना वाटलं असावं. धान निघालेल्या शेतात, इथल्या भाषेत बांधीत, आम्ही तो पेरला.

शास्त्रज्ञांनी काम चोख केलं होतं. उन्हानंही केलं. होळीच्या आधीच ते असं तापलं की पाकिटावरच्या मुदतीआधीच कणसं भरली. पानं मात्र पोपटासारखी. मुरघासाचा मका दाण्यात थोडं दूध असतानाच कापावा लागतो. मग त्याची कुट्टी करून खड्ड्यात दाबायची, हवा काढायची, ताडपत्रीनं झाकायची, की उन्हाळाभर गाईंना ओला चारा. मी दाण्यात नख रोवलं, तर दूध आटत आलेलं. भीत भीत काकांना सांगितलं, आता कापायला पाहिजे.

काकांनी जन्मभर धान कापलं. धान पिवळं होतं, मग विळा निघतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून ते म्हणाले, "पानं हिरवीगार हायेत, आन तुले कापाची घाई होऊन राहिली? तुमच्याकडं कच्चंच खातेत काय?"

"खाणाऱ्या गाई आहेत, काका," मी म्हणालो, तेही तोंडातल्या तोंडात.

"मक्यापायी त आणलं त्याले," काकू म्हणाल्या, "आयका ना जी त्याचं."

काकांनी ऐकलं, पण दुकानदाराचं. हिरवेपणा हीच या जातीची ओळख, असं तो फोनवर म्हणाला. मग काय, आम्ही ओळख बघत बसलो. सिहोऱ्याचे पाहुणे येऊन मक्यात उभे राहून फोटो काढून गेले.

पानं पिवळी पडेनात, तेव्हा काकांचाच धीर सुटला आणि त्यांनी मका कापायला काढला. तोवर दाणे दगड झाले होते. खड्ड्यात तुडवायला गेलो तर कुट्टी गादीसारखी उसळायची, हवा आतच राहायची. ऐन मे महिन्यात ताडपत्री काढली, तर आत पांढरी बुरशी. गाईंनी वास घेतला आणि पाठ फिरवली. दुकानदाराचा नंबर गाईंकडं नव्हता, नाहीतर त्यांनाही पटलं असतं. उरलेला उन्हाळा त्यांनी धानाच्या तणशीवर, म्हणजे वाळल्या पेंढ्यावर, काढला, त्यांचं दूध आटलं.

काका गावभर सांगत होते, बियाणंच खोटं. माझं नाव घेत नव्हते, त्यामुळं मला जास्तच धास्ती. मी कपडे पिशवीत भरून ठेवले. काकूंनी ते काही न विचारता काढले, धुतले आणि दोरीवर टाकले. संध्याकाळी काका गोठ्याशी आले. "आता पुढं तू सांगशील तवा कापू," ते म्हणाले, "पर मोठ्यानं सांगजो. मले आयकू आलं पाह्यजे."

उपकार म्हणतात ते हेच असावेत; तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

यंदाही पेरलं ते तेच, गावभर खोटं ठरवलेलं बियाणं. उन्हाशी झुंजायला काढलेली जात, म्हणून यंदा ऊन आलंच नाही, ढग आले. भिजलेला मका खड्ड्यात सडतो, आणि वाट पाहिली तर दाणा दगड होतो. मी सकाळ-संध्याकाळ नखं रोवून अर्धी कणसं खराब केली. काल अंगणात उभा राहून ओरडलो, उद्या कापू. काकांनी कारण न विचारता कुट्टी मशीनवाल्याला सांगावा धाडला.

मशीन आत्ताच आली. वर आभाळ काळं आहे, आणि काका माझ्या तोंडाकडं बघत उभे आहेत. गेल्या वर्षी निदान ते वाद घालायचे. तेवढाच आधार होता.