बाबांचं गाणं कोणाच्या नावावर?

आठवडाभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांना टेकून, गिटार घेऊन बेंबीच्या देठापासून ओरडायचं, हा चष्मेवाल्याचा जुना शिरस्ता. बँडमध्ये तिघंच. बेस गिटारवर बेकरीवाला आणि ड्रमवर चष्मेवाल्याचा सख्खा मेहुणा. शब्द आणि चाली चष्मेवाल्याच्या. पण पहिल्याच दिवशी भरात येऊन त्यानेच जाहीर केलं होतं, "गाणं कोणीही लिहो, नावं तिघांची!" बोलून बसला, झालं!

तेव्हापासून मेहुणा प्रत्येक गाण्याचा कवी. बेट्याने उभ्या आयुष्यात किराण्याची यादीसुद्धा धड केली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा! पण बायकोसमोर हे बोलायची सोय नव्हती. भाऊ तिचा ना!

सगळं चालवून घेतलं त्याने. पण वडील गेले, त्यांच्यावर गाणं झालं आणि ते रेकॉर्ड करायचं ठरलं, तेव्हा मात्र त्याचं मन अडून बसलं. बाप माझा, शब्द माझे. त्यावर या दोघांची नावं कशाला? शेवटी मनाचा हिय्या करून तो बोलला.

"एवढंच ना भाऊजी? घ्या की!" मेहुणा बिस्कीट चावत म्हणाला. बेकरीवाल्यानेही मान डोलावली. भांडणाच्या तयारीने आलेला चष्मेवाला जरा हिरमुसलाच.

स्टुडिओत गाणं सुरू झालं. बाबा रोज दाराची कडी दोनदा ओढून बघायचे, ती ओळ आली. तिथे नेहमी ड्रम थांबायचे, बेसचा एकच सूर रेंगाळायचा आणि ऐकणारे डोळे पुसायचे. आज मेहुणा धाडधाड वाजवत पुढे गेला आणि गाणं आटपलं.

"अरे, थांबला का नाहीस?"

"थांबायचं तुम्ही कुठे लिहिलं होतं? पहिल्यांदा गाताना तुमचा गळा दाटला, म्हणून मी हात आवरला. तुम्ही सावरेपर्यंत यानं सूर धरून ठेवला. ती भर आमची. गाणं तुमचं एकट्याचं, म्हणून काढून टाकली."

टोमणा नव्हता हो त्यात! बिचाऱ्याने प्रामाणिकपणे आपलं सामान उचललं होतं. चष्मेवाल्याला आठवलं, वडील गेले तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत त्याला रडताच आलं नव्हतं. रडू फुटलं ते त्या मैद्याच्या पोत्यांमध्ये, या दोघांसमोर. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला.

"गाणं कोणाचं म्हणून टाकू?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

"तिघांचं. मेहुण्याचं नाव आधी."

"ताईला सांगू?" मेहुण्याने विचारलं.

"सांग बाबा, एकदाची खूश होऊ दे."

कडीची ओळ आली आणि त्याचा गळा पुन्हा दाटला. दोघं थांबले. या वेळी त्यांना जरा जास्तच थांबावं लागलं.