झाकणावरचं कुंकू

माझा धाकटा भाऊ लढाईहून लांबच्या रजेवर परत आला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधी सांगून टाकतो. तो आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी बैलगाडीतून त्याचं मशीन आलं.

लष्कराच्या जुन्या सामानाचा पुण्याकडं लिलाव झाला, तिथून त्यानं ते उचललं होतं. नावेच्या मागच्या फळीला अडकवायचं, खाली पाण्यात पंखा, वर चाक आणि पेट्रोलची छोटी टाकी. चाकाला दोरी गुंडाळून हिसका मारला की ते गर्जत सुटायचं. ब्रह्मदेशातल्या नद्यांवर त्यानं असल्या नावा चालवल्या होत्या. गावच्या नावाड्यानं आपली नाव हौसेनं त्याच्या हवाली केली, आणि लोक त्या मशीनला शेपटीचं इंजन म्हणू लागले.

आता गावात इंजनवाला मी होतो. कृष्णेच्या काठावर उसाला पाणी ओढायचं तेलाचं इंजन आमच्या गावात पहिल्यांदा कुणी चालवलं असेल तर मी. आधी त्याचं डोकं दिव्यानं तापवायचं, मग चाकाला झोका द्यायचा, मग कान देऊन ऐकायचं. शेजारच्या गावात इंजन अडलं तर मला न्यायला गाडी यायची. सहा वर्षांत कमावलेला हा मान भावानं आठ दिवसांत खिशात घातला. कुंडलच्या बाजाराला जाणारी माणसं नावेत बसायला भांडू लागली, आणि माझ्या इंजनाजवळून जाताना मान वळवून बघेनाशी झाली.

बायकोचं तर विचारूच नका. ताटात भाकरी वाढताना भावजी, पाणी देताना भावजी. एकदा ती नावेतून पलीकडं जाऊन आली आणि म्हणाली, "आवं, पोटातलं पाणीबी हालत न्हाई बगा! तुमचं इंजन नुसतं एका जागी बसून बोंबलतंय." माझं इंजन घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. ते बघायला ती खंडेनवमीशिवाय कधी आली नव्हती.

त्या खंडेनवमीला तिनं आरती घेऊन आधी घाट गाठला. माझ्या इंजनापाशी ती आली तेव्हा झेंडूची फुलं संपत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुन्हा घाटावर. मग रोजच. पाण्याचे शिंतोडे उडून कुंकू वाहून जातं म्हणून तिनं युक्ती काढली. स्वतःच्या कपाळाला लावायची तसं आधी मेण, त्यावर कुंकू. जागाही ठरलेली, टाकीच्या झाकणाचा बरोबर मध्य. ते मशीनचं कपाळ, असं तिचं म्हणणं.

मला जळायला झालं. ह्याला दुसरा शब्द नाही. सख्ख्या भावावर मी जळलो, आणि बोटभर कुंकवावर जळलो.

दसरा होऊन आठवडा गेला नाही तोच मशीन अडू लागलं. सुरू व्हायचं, नदीच्या मध्यापर्यंत जायचं, खोकायचं आणि गप्प. मग भाऊ दोरीला हिसक्यावर हिसके मारायचा. त्यानं प्लग काढला, तारेच्या ब्रशनं घासला, चुलीत तापवून पुन्हा बसवला. कार्बोरेटर खोलून फडक्यावर मांडला. पेट्रोलात पाणी असेल म्हणून ते मलमलीतून गाळून घेतलं. सगळं मशीन रोज पुसून लख्ख करायचा, पण झाकणावरच्या कुंकवाला त्याचं फडकं कधी लागलं नाही. वहिनीनं लावलेलं कुंकू तो कसा पुसणार!

मी काठावरून बघत असे, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दमून गेल्यावर तो पेट्रोल किती उरलंय बघायला झाकण उघडायचा, पुन्हा लावायचा, आणि नेमकं त्यानंतर मशीन सुरू व्हायचं. दरवेळी. माझ्या इंजनाच्या टाकीचंही एकदा असंच झालं होतं. झाकणाला सुईच्या अग्राएवढं भोक असतं, तिथून आत हवा जाते. ते बुजलं की टाकीतलं तेल खाली उतरत नाही. भोक कशानं बुजलं होतं, ते मला रोज सकाळी दिसत होतं.

मी बोललो नाही.

बाजाराच्या दिवशी नाव गच्च भरलेली असताना मशीन ऐन धारेत बंद पडलं. बायका ओरडू लागल्या. नावाड्यानं बांबू टाकून नाव कशीबशी पार खाली काठाला लावली, आणि माणसं गुडघाभर चिखल तुडवत परत आली. एक म्हातारा भावाला म्हणाला, "लढाईत असंच चालवत हुतास व्हय रं?" सगळे हसले. मीही हसलो, आणि भावानं ते पाहिलं.

तरी संध्याकाळी तो माझ्याकडंच आला. दोरीनं तळहात सोलले होते. "दादा, तुमी एकदा बगा की," तो म्हणाला. "माजी रजा संपत आलीय. ह्ये नीट चाललं तर मी पलटण सोडतो, हितंच ऱ्हातो. न्हाई चाललं तर मागं जातो. गावात हसं करून घिऊन कशाला ऱ्हायाचं?"

मी घाटावर गेलो. मशीनवरून हात फिरवला. झाकणावर अंगठा टेकला, तेव्हा खाली मेणाचा थर लागला. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, लहानपणी पतंगाची गाठ सुटत नसली की बघायचा तसा.

"लष्करानं टाकून दिल्यालं मशीन हाय, गड्या," मी म्हणालो. "ह्यात जीव न्हाई."

त्यानं माझं ऐकलं. इंजनातलं मला कळतं यावर गावात सगळ्यांत जास्त विश्वास त्याचाच होता. चार दिवसांनी तो ट्रंक घेऊन पलटणीत परत गेला. बायको दोन दिवस नीट जेवली नाही, आणि मी तिला त्यावरूनही बोललो.

पुढच्या आठवड्यात, दुपारी ती दळायला बसलेली बघून, मी पडवीत पडलेलं मशीन खांद्यावर घेतलं आणि घाटावर जाऊन नावेला अडकवलं. सुईनं मेण टोकरलं, भोक मोकळं केलं. दोरी गुंडाळली. दुसऱ्याच हिसक्याला ते असं गर्जलं की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मी झाकण न उघडता पुष्कळ वेळ चालू ठेवलं. एकदाही खोकलं नाही. इतकं सुख मला फार दिवसांत झालं नव्हतं.

वर बघतो तर बायको घाट उतरून पळत येत होती. हात पिठाचे, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि लग्नानंतर मी कधी न पाहिलेलं हसू तोंडावर.

"भावजी आलं?"

"न्हाई. मी हाय."

हसू गेलं. ती मशीनकडं बघत राहिली. "मग ह्ये चालू कसं झालं?"

मला बढाई आवरली नाही. "झाकणाचं भोक बुजलं हुतं. मेणानं."

तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"आत्ताच. बगता बगता दिसलं."

तिची नजर माझ्या हातावर आली. "मग माजी वाकळ शिवायची सुई घरनं कशाला घिऊन आलासा?"

मी मशीन बंद केलं. तिनं हात पुढं केला. मी सुई दिली. ती घेऊन ती चढ चढून घरी गेली.

ते मशीन मी पुन्हा नावेला लावलं नाही. पुढं भाऊ रजेवर यायचा तेव्हा कधीतरी त्याचा विषय निघायचा. "वहिनी, का अडत हुतं कुणाला ठावं," तो म्हणायचा. ती माझ्याकडं न बघता सांगायची, "जुनं हुतं, भावजी." मला ती कधीच उघडं पाडणार नाही हे मला माहीत होतं. पण ती हे माझ्यासाठी करत नव्हती. आपल्या भावानं आपल्याला फसवलं हे त्याला कळू नये, त्याचं मन दुखू नये, म्हणून करत होती. ते मला समजायचं, आणि ताटावर बसल्या बसल्या मी पुन्हा जळायचो.