नवमीला पुजलेला चार्जर

निवृत्त झाल्यावर माणसाला सल्ला विचारणारे कमी होत जातात म्हणे. माझे वाढले, आणि तेही गाडीमुळे. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत विजेवर चालणारी पहिली गाडी माझ्या दारात उभी राहिली, तेव्हापासून सकाळी दूध घेऊन परतलो की कोणी ना कोणी फाटकाशी गाठतंच. "अंकलजी, एक बार में कितना चलती है?" हा पहिला प्रश्न. दुसरा असतो, "बैटरी बैठ गई तो?" तिसरा प्रश्न येण्याच्या आत माझं दूध नासायची वेळ होते.

तरी मी सांगतो. सांगायची खोड जुनी आहे. लष्करी ट्रक बनवणाऱ्या इथल्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. दुसऱ्याच्या कामात चूक काढणे याच गोष्टीचा मला पगार मिळत होता. म्हणून सांगतो की शोरूममध्ये नंतर जा, आधी आपल्या घराच्या मीटरपाशी जा. मंजूर लोड किती आहे ते बघा. पंधरा अँपिअरचा सॉकेट गाडीपर्यंत येतो का बघा. अर्थिंग धड आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारू नका, त्याला मोजायला लावा, कारण अर्थिंग नसलं की चार्जर लाल दिवा दाखवून रुसून बसतो आणि कितीही विनवण्या केल्या तरी ऐकत नाही. कंपनी जेवढे किलोमीटर सांगते त्यातला तिसरा हिस्सा मनातून वजा करा. गाडी काठोकाठ भरून दोन-दोन दिवस उभी ठेवू नका, निम्मी भरलेली ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण भरा. एवढं ऐकून लोक मान डोलावतात. ज्या दिवशी हे सगळं पाठ असूनही मी तोंडघशी पडलो, त्या दिवसाबद्दल मात्र मी त्यांना सांगत नाही.

गाडी मी हौसेने घेतली नव्हती. माझी मोठी बहीण सिहोऱ्याला राहते. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या शाळेच्या चड्ड्यांपासून नोकरीच्या मुलाखतीच्या शर्टापर्यंत सगळं तिनेच शिवलं. भाऊजी गेले, मूलबाळ नाही, पण शिवणयंत्र अजून चालू आहे. गावातल्या निम्म्या पोरींचे गणवेश तिच्या हातचे असतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्यांनी हात टेकले आणि आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, जबलपूरला येऊन डायलिसिस करून घेणं सुरू झालं. "आमच्याकडेच राहा," असं मी आणि माझी बायको शंभरदा म्हणालो असू. तिचं उत्तर एकच. "माझ्या दारात बसून मी आजारी हाय. तुझ्या दारात बसले की पाहुणी होईन."

ती बसने यायची. जाताना कशीबशी निभावायची, पण चार तास मशीनवर पडून परतताना तिचं अंग पिळून काढल्यासारखं होई. मागच्या उन्हाळ्यात एकदा बसमध्येच तिला भोवळ आली. त्या आठवड्यात तिने मला फोनवर शांतपणे सांगितलं, "मी नाही येत आता. दोन दिवस मशीनवर अन् दोन दिवस बसमधून उतरलेलं अंग गोळा करण्यात. बाकी उरते काय? बस झालं."

तिचा आवाज जराही कापरा नव्हता, म्हणून मी घाबरलो. रडली असती तर समजूत घालता आली असती. मी म्हणालो, "बसचाच त्रास आहे ना? मग बस बंद. मी येत जाईन." ती म्हणाली, "पाहू." जुनी गाडी मी निवृत्तीनंतर विकून टाकली होती. आठवड्यातून दोनदा चार-चार फेऱ्या, घर ते सिहोरा, सिहोरा ते रुग्णालय आणि पुन्हा तसंच उलट, म्हणजे दिवसाला जवळपास एकशे ऐंशी किलोमीटर. हा हिशेब घालून मी ही गाडी घेतली.

सुरुवातीला माझं आणि गाडीचं जमेना. आयुष्यभर इंजिनाचा आवाज ऐकून त्याच्या पोटात काय दुखतंय ते ओळखणारा मी, आणि ही बया बोलतच नाही. बटन दाबायचं, काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून मी पुन्हा दाबायचो आणि चालू झालेली गाडी बंद करायचो. ताईला मात्र ती पहिल्या दिवशीच आवडली. परतताना मागच्या सीटवर पाय वर घेऊन ती झोपली ती थेट सिहोऱ्यालाच उठली. तरीही दर वेळी उतरताना ती म्हणायची, "पुढच्या खेपेचं पुढं पाहू. काहून एवढा जीव काढून राहिला तू?" मी हसून उडवून लावायचो. घरी येताना मात्र पूर्ण रस्ता तेच डोक्यात असायचं. आपण एक खेप जरी चुकवली, तरी हिला थांबायला कारण मिळेल, ही धास्ती मला होती.

आणि खेप चुकवण्याची तयारी मी स्वतःच्या हाताने केली.

आमच्या घरात खंडेनवमी कडक असते. वडीलही फॅक्टरीतच होते. नवमीला पाटावर स्वच्छ कापड घालून हत्यारं मांडायची, हळद-कुंकू, झेंडू वाहायचा, आणि मग दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून फूल उचलेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. ज्याने वर्षभर पोटाला दिलं त्याला एक दिवस विसावा. माझ्या पाटावर मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि वडिलांचा पाना असतो. या वर्षी हात जोडता जोडता मला वाटलं, सध्या आपलं खरं हत्यार कोणतं? मी उठलो, गाडीचा चार्जर काढला, त्याची लांब काळी वायर नीट गुंडाळली आणि पाटावर ठेवली. कुंकू लावताना मला मनापासून भरून आलं होतं, हे खोटं नाही.

बायको नैवेद्य घेऊन आली आणि पाटाकडे बघतच राहिली. "ही वायर काहून ठेवली? उद्या गुरुवार आहे. ताईंना आणायचं नाही का?"

"पस्तीस टक्के आहे. सकाळी लवकर उठून लावीन."

"आज रात्रभर लावायची सोडून?"

"पूजा झाली आता," मी म्हणालो. "अन् सिहोऱ्याच्या रस्त्यावर पंपावर फास्ट चार्जर आहे. अर्ध्या तासात भरते."

छत्तीस वर्षं फॅक्टरीतल्या पोरांना मी हेच ऐकवत होतो की मोजल्याशिवाय पास करायचं नाही. पंपावरचा तो चार्जर मी मोबाइलच्या ॲपवर पाहिला होता, तिथे हिरवा ठिपका होता. प्रत्यक्ष कधी वापरला नव्हता.

दसऱ्याला साडेसहाला फूल उचललं, वायर लावली. तासाभरात शेहेचाळीस टक्के झाले. माझ्या गाडीचा एक टक्का म्हणजे दोन किलोमीटर, हे मी महिनोन्महिने टिपून काढलेलं आहे. पंपावर पोचलो तर चार्जरचा पडदा काळा. चौकीदार खुर्चीवरून न उठता म्हणाला, "परसों से बंद है साहब। त्योहार के बाद आना।" ॲपवर अजूनही हिरवा ठिपका होता. मी त्या ठिपक्याला चार शिव्या हासडल्या आणि पुढे निघालो.

सिहोऱ्याला पोचलो तेव्हा चोवीस टक्के उरले होते. ताईच्या घरी लावून उपयोग नव्हता. तिथल्या अर्थिंगचा खड्डा दिवाळीनंतर खणायचा ठरवून मी पुढे ढकलला होता. ताई दारात तयार बसली होती. मी खरं सांगितलं. अगदी पाटावरच्या वायरीसकट.

ती रागावली नाही. रागावायला हवी होती. तिने हातातली पिशवी हळूच खाली ठेवली आणि म्हणाली, "मग राहू दे ना आज. दसरा हाय. तूही घरी जा."

"सोमवारनंतर थेट सोमवार? डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलीस?"

"नाही विसरली."

एवढंच. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. हेच कारण ती इतके दिवस शोधत होती आणि ते तिला मी आणून दिलं होतं. मी पिशवी उचलली, तिचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच तिला गाडीत बसवलं. म्हणालो, "चोवीस म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. रुग्णालय पंचेचाळीसवर आहे. पुरते." आयुष्यात मी एवढी काठावरची वस्तू कधी पास केली नसती.

एसी बंद, काचा खाली, वेग चाळीस. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून शिव्या घालत जात होते. ताई पदराने वारा घेत बसली होती. सगळं हिशेबात चाललं होतं. पनागरच्या अलीकडे मात्र देवीच्या मिरवणुकीसाठी रस्ता अडवला होता आणि पोलिसाने गाड्या शेतातल्या रस्त्याने वळवल्या. सहा किलोमीटरचा फेरा. पुन्हा मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा पडद्यावर सहा टक्के होते आणि गाडीने आपणहून वेग कमी केला होता. रुग्णालय अजून पंधरा किलोमीटर. रिक्षा जात होत्या त्या सगळ्या देवीच्या माणसांनी खचाखच भरलेल्या. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ताईची वेळ अकराची होती.

रस्त्याकडेला ट्रॉल्या जोडणाऱ्या एका वेल्डिंगवाल्याचं दुकान दिसलं. मी गाडी तिथे घातली. पन्नाशीचा माणूस, नवा पांढरा कुर्ता, कपाळावर टिळा. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, घण, सगळं धुऊनपुसून ओळीने मांडलेलं, प्रत्येकाला माळ. इकडचे लोक हत्यारांची पूजा दसऱ्यालाच करतात. मी त्याला तासाभरासाठी प्लग मागितला. त्याने भिंतीवरच्या मेन स्विचकडे बोट दाखवलं. स्विच बंद होता आणि त्यावर ताजं कुंकू होतं.

"बाबूजी, आज नहीं। पूजा हो गई। कल सुबह तक सब आराम पर है।"

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायला मला वेळ लागत नाही. पण कालच्या दिवशी मीही हेच केलं होतं, याच भक्तीने. मी "सही बात है" म्हणालो आणि खरंच परत फिरलो.

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ताई उतरत होती. मी धरायला धावलो, तर तिने माझा हात बाजूला केला. पायांवर सूज होती, तरी एक-एक पाऊल टाकत ती त्या माळा घातलेल्या मशीनांपर्यंत गेली. आधी तिने त्यांना हात जोडले. मग त्या माणसाला म्हणाली, "भैया, मेरे घर में भी सिलाई मशीन है। कल से मैंने भी उसे हाथ नहीं लगाया।" तिने डाव्या हाताची बाही वर केली. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून फुगलेली ती शीर तिने कधी मलासुद्धा धड पाहू दिली नव्हती. "पर ये खून साफ करने वाली मशीन है ना, ये आराम नहीं करती। मुझे वहाँ पहुँचना है। कैसे भी।"

मी तिच्या मागे उभा होतो. मला पोचायचं आहे, हे ती म्हणाली होती. मी तिला नेतो आहे असं नाही, भाऊ ऐकत नाही असंही नाही.

त्या माणसाने तिचा हात पाहिला. मग म्हणाला, "मैं तो हाथ नहीं लगाऊँगा, अम्मा। आप चालू कर लो।" आणि त्याने बसायची चौकी स्विचखाली सरकवली.

ताई माझ्या खांद्याला धरून चौकीवर चढली आणि तिने दोन्ही हातांनी खटका वर ओढला. मी वायर लावली. चार्जरवर हिरवा दिवा लागला. त्या माणसाच्या बायकोने आतून पाणी आणलं. ताईला मोजूनच पाणी प्यायचं असतं, तिने दोन घोट घेतले आणि खुर्चीवर बसून पिशवीतून आपला मोबाइल काढला. डायलिसिसच्या वॉर्डात फोन करायचा तर तो नेहमी मीच करतो. तिने नंबर शोधला, चष्मा वर-खाली केला आणि फोन कानाला लावला.

"हाँ दीदी, मैं सिहोरा वाली। एक घंटा देर होगी, बारह बजेंगे," ती म्हणाली, आणि मग आवाज चढवून, मुलींच्या आयांना मापं सांगावीत तशा ठणठणीत सुरात, "पर मेरा बेड किसी को मत देना। मैं आ रही हूँ।"

वायर नीट बसली आहे का ते बघायच्या निमित्ताने मी गाडीच्या पलीकडे गेलो आणि तिथे वाकून, कोणाला दिसू नये म्हणून, खूप रडलो.