बंदुकीची पावती

माझे यजमान शारजाला आले ते पासपोर्टच्या पिशवीत बंदुकीची पावती घेऊन. मी वर्षभर आधीच मुलाकडे आले होते, नातीला सांभाळायला. गावी रानडुकरं भुईमूग उकरायची, म्हणून ह्यांना शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला होता. निघताना त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. जमीन थोरल्या दिरांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या. पासपोर्ट सोडला तर ह्यांच्या नावाचा सरकारी कागद तेवढा तोच, परवाना.

त्याची मुदत संपत आली आणि तो वाढवून घ्यायला ह्यांनी परतीच्या तिकिटाचा धोशा लावला.

"बाबा, खलास करा ती बंदूक," मुलगा म्हणाला. "इथे कोणाकडे असते? तरी आपण बिनघोर झोपतो."

"इथे डुकरं नाहीत. तुझे पोलीस माझ्या शेतावर राखणीला येतील का?"

"आजोबा, गन्स आर बॅड," नात म्हणाली.

"शेंगा खाताना बॅड नव्हती ती."

सगळे हसले. मी हसले नाही. मला एक गोष्ट ठाऊक होती. मी गाव सोडण्याच्या आधी एका सकाळी बांधावर काहीतरी वाकलेलं हललं आणि ह्यांनी बार काढला. ती शेजारीण होती, गवत कापत होती. छर्रे तिच्या डोक्यावरून गेले. तिला वाटलं, पलीकडे डुक्कर असेल. तिनेच विचारलं, "भावजी, लागलं का?" हे म्हणाले, "हुकलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही विषय काढला नाही. बंदूक खांद्यावर असली की हे ताठ चालायचे. ती गेल्यावर घरात जो माणूस उरेल, त्याच्याशी मलाच संसार करायचा होता. म्हणून गप्प बसले. चूक केली.

त्या शुक्रवारी मुलाला गाडीच्या लायसन्ससाठी डोळे तपासायचे होते. आम्ही सगळेच चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार मल्याळी, गप्पिष्ट. "अंकल, आप भी बैठो, फ्री है!"

हे बसले. पहिली ओळ वाचली. तिसऱ्या ओळीपासून अंदाज सुरू झाला.

"रॉंग! अगेन रॉंग!" नात टाळ्या वाजवत होती.

"मोतीबिंदू है, अंकल. गाडी तो नहीं चलाते ना?"

"नहीं."

"फिर ठीक है."

"बंदूक चलाते हैं," मी म्हटलं.

दुकानदार खो खो हसला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठले.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "ऑपरेशन करू. मग ठेवा हवा तर परवाना."

"नको. ती बाई वाकलेली होती."

"कोण बाई?"

हे माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "अगं, कागद घे." मी चौथी शिकलेली, अर्ज कसला येतोय! बंदूक परत नको, सरकारने ठेवून घ्यावी, एवढंच लिहिलं. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. पावती पाकिटात घालून ह्यांनी पुन्हा बाहेर काढली, पुन्हा घातली. पाकीट दिरांकडे पाठवलं, ठाण्यात द्यायला.

पुढल्या हंगामात दिरांचं पत्र आलं. डुकरांनी अर्धा भुईमूग संपवला होता आणि दिरांनी ह्यांना बरंच सुनावलं होतं. मी सगळं वाचून दाखवलं, शिव्यांसकट.

"शेजारणीचं काही लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

तिच्याबद्दल काहीच नव्हतं.